अहिंसेचा अभ्यासू यात्रिक : आचार्य धर्मानंद कोसंबी

विदर्भाची भूमी ही तेविसावे तीर्थंकर भगवान पार्श्वनाथ यांच्या भक्तीने पुनीत झालेली भूमी आहे. वाशिम जिल्ह्यातील शिरपूर येथे अंतरिक्ष पार्श्वनाथ विराजमान आहेत. मुकुटबन-वणी परिसराला जवळ असलेल्या भद्रावती येथे केसरिया पार्श्वनाथांचे तीर्थ आहे. त्याच भद्रावतीत विजासनची प्राचीन बौद्ध लेणी आहेत. जैन आणि बौद्ध या श्रमण परंपरेच्या दोन्ही शाखांची स्मृती एकाच गावाने जपली आहे. याच विदर्भात, वर्ध्याजवळच्या सेवाग्राम येथे, ४ जून १९४७ रोजी एका थोर बौद्ध पंडिताने अन्नत्याग करून शांतपणे देह ठेवला. जन्मभर त्यांनी बुद्धवचनांचा अभ्यास केला. परंतु आयुष्याच्या अखेरच्या पर्वात त्यांच्या चिंतनाचा विषय होता तो भगवान पार्श्वनाथांचा चातुर्याम धर्म. हे पंडित म्हणजे आचार्य धर्मानंद दामोदर कोसंबी.

हिंसा आणि अहिंसा यांविषयी निरनिराळ्या धर्मपरंपरांनी काय शिकविले आणि प्रत्यक्षात काय आचरिले, याचा इतक्या निर्भीडपणे शोध घेणारा दुसरा अभ्यासक मराठीत क्वचितच आढळेल. जैन समाजाने त्यांची सर्व मते स्वीकारली नाहीत. काही मतांनी समाजाचे मन दुखावलेही. तथापि त्यांच्या जीवनाचा आलेख समजून घेणे हे अहिंसाधर्माच्या प्रत्येक उपासकास उपकारक ठरणारे आहे.

साखवाळ ते सिंहलद्वीप

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ या गावी एका सारस्वत कुटुंबात झाला. त्या काळी गोव्यावर पोर्तुगीजांचे राज्य होते. घरची नारळाची बागायत होती. शालेय शिक्षण यथातथाच झाले. परंतु वाचनाची ओढ जबरदस्त होती. १८९१ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्यांचा विवाह बाळाबाई यांच्याशी झाला. संसारात मन रमत नव्हते आणि प्रकृतीही साथ देत नव्हती. अशा अवस्थेत ‘बालबोध’ या मराठी मासिकातील भगवान बुद्धांवरील लेख त्यांच्या वाचनात आला. त्या लेखाने त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली. बुद्धाचा धर्म मुळातून जाणून घ्यायचा, मग त्यासाठी वाटेल ते कष्ट सोसावे लागोत, असा त्यांनी निश्चय केला.

डिसेंबर १८९९ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्यांनी घर सोडले. कन्या माणिक त्या वेळी अगदी तान्ही होती. या गृहत्यागाचा भार बाळाबाईंना सोसावा लागला, हे विसरून चालणार नाही. महापुरुषांच्या चरित्रात अशा साध्वींचे नाव एखाद्याच ओळीत येते. परंतु त्यांच्या सोशिकपणाशिवाय ती चरित्रे घडलीच नसती.

पुण्यात डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांची भेट घेऊन धर्मानंद ग्वाल्हेरमार्गे काशीस गेले. तेथे अन्नछत्रात जेवून त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. पुढे बौद्ध धर्माच्या शोधात १९०२ मध्ये ते नेपाळात गेले. तेथील बौद्ध धर्माची अवस्था पाहून त्यांची निराशा झाली. मग गया, कलकत्ता असा प्रवास करीत ते सिंहलद्वीपास, म्हणजे आजच्या श्रीलंकेस पोहोचले. कोलंबो येथील विद्योदय विद्यालयात महानायक सुमंगल थेर यांच्यापाशी त्यांनी पाली त्रिपिटकाचे अध्ययन केले आणि श्रामणेर दीक्षा घेतली. नंतर ब्रह्मदेशात जाऊन त्यांनी भिक्षूची उपसंपदा ग्रहण केली. ओळखीचे माणूस नाही, गाठीस द्रव्य नाही, भाषा परकी आणि प्रकृती तोळामासा, अशा स्थितीत केवळ ज्ञानाच्या तळमळीने झालेली ही यात्रा होती. तिची हकीकत त्यांनी १९२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘निवेदन’ या आत्मचरित्रात कोणताही अभिनिवेश न ठेवता सांगितली आहे.

ज्ञानदान आणि निरिच्छ वृत्ती

१९०६ च्या सुमारास धर्मानंदांनी भिक्षुवेष सोडला आणि कलकत्त्यात पालीचे अध्यापन सुरू केले. तेथे वेतन चांगले होते, मानही होता. परंतु आपले ज्ञान महाराष्ट्राच्या कामी यावे, ही तळमळ त्यांना स्वस्थ बसू देईना. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी, महाराष्ट्रात कोठेही राहून ग्रंथलेखन करावे, या बोलीवर दरमहा पन्नास रुपयांचे साहाय्य देऊ केले. धर्मानंदांनी कलकत्त्याची नोकरी सोडून ते स्वीकारले. ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ यांसारख्या पुस्तकांतून सामान्य मराठी वाचकास बुद्धचरित्राची ओळख झाली ती या निर्णयामुळे.

१९१० मध्ये अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी पाचारण केले. त्यानंतर या कामासाठी त्यांनी आणखी तीन वेळा अमेरिकेचा प्रवास केला. १९१२ ते १९१८ या काळात पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पाली शिकविली. डॉ. पु. वि. बापट यांच्यासारखे नामवंत पाली पंडित त्यांच्या शिष्यवर्गातून तयार झाले. महाराष्ट्रातील पाली अध्ययनाचा पाया घालण्याचे श्रेय निःसंशय धर्मानंदांकडे जाते. एवढी कीर्ती मिळूनही त्यांची राहणी अखेरपर्यंत साधीच राहिली. एका ठिकाणचे काम संपले की मोजके सामान घेऊन ते पुढच्या ठिकाणी जात. श्रावकाच्या बारा व्रतांत परिग्रहपरिमाणाचे जे स्थान आहे, ते ज्यांना ठाऊक आहे त्यांना या वृत्तीचे मोल सांगावयास नको.

जैन विद्वानांचा सहवास

१९२२ मध्ये धर्मानंद अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठात दाखल झाले. महात्मा गांधींनी स्थापन केलेल्या या विद्यापीठाच्या पुरातत्त्व मंदिरात त्या काळी विद्वानांचा मेळावाच जमला होता. मुनी जिनविजयजी हे त्याचे प्रमुख होते. प्रज्ञाचक्षू पंडित सुखलालजी आणि पंडित बेचरदास दोशी हे जैन आगमांचे मर्मज्ञ तेथे कार्य करीत होते. धर्मानंदांना जैन ग्रंथांच्या अभ्यासाची गोडी लागली ती याच सहवासात. बौद्ध त्रिपिटकात निर्ग्रंथांचे उल्लेख ठायी ठायी येतात, हे त्यांना माहीत होतेच. आता त्याच काळाचे चित्र जैन आगमांच्या बाजूने पाहण्याची संधी त्यांना मिळाली.

या तौलनिक अभ्यासातून त्यांच्या मनात एक विचार पक्का झाला. भगवान बुद्धांच्या पूर्वीपासून गंगेच्या खोऱ्यात भगवान पार्श्वनाथांचा धर्म प्रचारात होता. शाक्यांच्या प्रदेशातही निर्ग्रंथांचे श्रावक होते. वप्प नावाचा शाक्य निर्ग्रंथ श्रावक होता असा उल्लेख पाली ग्रंथांत आहे आणि अट्ठकथेनुसार तो बुद्धांचा चुलता होता. तेव्हा बुद्धांच्या करुणेची मुळे पार्श्वनाथांच्या अहिंसेपर्यंत पोहोचतात, असे धर्मानंदांनी मांडले. बौद्ध धर्मावर निस्सीम श्रद्धा असलेल्या अभ्यासकाने हे ऋण मोकळेपणाने मान्य करावे, यातच त्यांची सत्यनिष्ठा दिसून येते.

शस्त्राला नकार

धर्मानंदांची अहिंसा पोथीत अडकून राहिली नाही. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात त्यांनी भाग घेतला आणि कारावास पत्करला. वय तेव्हा चोपन्नाच्या घरात होते. त्याआधी १९२९ मध्ये त्यांनी रशियातील लेनिनग्राड येथेही काही काळ वास्तव्य केले होते. समतेचे समाजवादी ध्येय त्यांना प्रिय होते. परंतु ते साधण्यासाठी हिंसेचा अवलंब करणे त्यांच्या विवेकबुद्धीस मान्य नव्हते.

याच विचारातून त्यांनी बुद्धचरित्राकडे नव्याने पाहिले. वृद्ध, रोगी, मृत आणि संन्यासी अशी चार दृश्ये पाहून सिद्धार्थास वैराग्य आले व त्याने मध्यरात्री गुपचूप गृहत्याग केला, ही कथा सर्वपरिचित आहे. धर्मानंदांनी प्राचीन पाली सुत्ते बारकाईने तपासली. मातापित्यांच्या डोळ्यांत अश्रू असताना, त्यांच्या देखत सिद्धार्थाने प्रव्रज्या घेतली, असा उल्लेख त्यांना आढळला. तसेच सुत्तनिपातातील अत्तदंड सुत्तात, शस्त्र हाती घेण्यातूनच भय उत्पन्न होते, असा अनुभव आला आहे. अपुऱ्या पाण्यात तडफडणाऱ्या माशांप्रमाणे एकमेकांशी झगडणारी माणसे पाहून मन उद्विग्न झाले, असे त्यात वर्णन आहे. शाक्य आणि कोलिय या दोन शेजारी कुळांमध्ये रोहिणी नदीच्या पाण्यावरून कलह होत. आप्तांविरुद्ध शस्त्र उचलावे लागेल, या विचारानेच सिद्धार्थाने घर सोडले असावे, असा निष्कर्ष धर्मानंदांनी काढला. ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात तो सविस्तर आला असून त्यांच्या ‘बोधिसत्त्व’ नाटकाचा आधारही तोच आहे. पुढे १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बुद्धचरित्रातही गृहत्यागाची कथा याच संघर्षाभोवती गुंफलेली आढळते.

जैन वाचकास येथे भरत आणि बाहुबली यांचे स्मरण झाल्याखेरीज राहणार नाही. राज्यासाठी दोन भाऊ समोरासमोर ठाकले असता निरपराध सैनिकांचा संहार टळावा म्हणून दृष्टियुद्ध, जलयुद्ध व मल्लयुद्ध करण्याचे ठरले; आणि विजय हाती आला असतानाच बाहुबलींनी सर्वसंगपरित्याग केला. बाविसावे तीर्थंकर नेमिनाथ विवाहमंडपाच्या वाटेवरून परतले ते मेजवानीसाठी कोंडलेल्या मुक्या प्राण्यांचा आक्रोश ऐकून. प्रसंग निराळे, काळ निराळा; परंतु दुसऱ्याच्या रक्ताने मिळणारे सुख नाकारण्याचे धैर्य तेच.

संस्कृतींच्या कसोटीवर अहिंसा

१९३५ मध्ये धर्मानंदांचा ‘हिंदी संस्कृती आणि अहिंसा’ हा ग्रंथ सिद्ध झाला. वैदिक, श्रमण, पौराणिक आणि पाश्चात्य अशा चार संस्कृतींचा विचार करून अखेरीस त्यांनी अहिंसेचा प्रश्न हाताळला आहे. वैदिक काळात यज्ञातील पशुहिंसा आणि युद्धांचे गुणगान असले तरी त्याच परंपरेत अहिंसेचा स्वरही उमटला, हे त्यांनी नोंदविले. छांदोग्य उपनिषदात घोर आंगिरसांनी देवकीपुत्र कृष्णाला तप, दान, आर्जव, अहिंसा व सत्यवचन यांचा उपदेश केल्याचे सांगितले आहे. जैन परंपरेत कृष्णाचे गुरू म्हणून नेमिनाथांचे नाव येते. तेव्हा या दोघांचा काही संबंध असावा काय, असाही प्रश्न त्यांनी उपस्थित केला.

श्रमण संस्कृतीने यज्ञीय हिंसेला विरोध केला, ही तिची थोरवी त्यांनी मुक्तकंठाने मान्य केली. परंतु श्रमणांच्या उत्तरकालीन इतिहासावर त्यांनी तितकीच कठोर टीकाही केली. मठ, विहार व मंदिरे संपन्न झाली, राजाश्रय मिळाला, आणि राजांच्या युद्धांविषयी, दीनदुबळ्यांच्या पिळवणुकीविषयी बोलण्याचे धाडस श्रमणांना राहिले नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. पाश्चात्य राष्ट्रांकडे विज्ञान व संघटनेचे सामर्थ्य आहे. पण त्यास अहिंसेची जोड नसल्यामुळे ते सामर्थ्य साम्राज्याच्या आणि महायुद्धाच्या कामी आले. केवळ प्रज्ञा असून भागत नाही आणि केवळ अहिंसा असूनही भागत नाही. दोहोंचा मिलाफ हवा, या दिशेने त्यांचे चिंतन चालले होते. आपण कोणत्या परंपरेत जन्मलो वा कोणती परंपरा आपण स्वीकारली, याचा मुलाहिजा त्यांनी ठेवला नाही. सर्वांना त्यांनी एकच माप लावले.

मतभेदाचा प्रसंग

याच निर्भीडपणातून जैन समाजाशी त्यांचा तीव्र मतभेद झाला. प्राचीन काळातील श्रमणांच्या आहाराची चर्चा करताना धर्मानंदांनी, त्या काळी भिक्षेत मिळालेले मांस बौद्ध भिक्षूंप्रमाणे निर्ग्रंथ साधूही घेत असावेत, असे मत मांडले आणि त्यासाठी आगमांतील काही शब्दांचा आधार घेतला. ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथातही ही चर्चा आली. जैन समाजात त्यामुळे क्षोभ निर्माण झाला, आणि ते स्वाभाविकच होते. ज्या धर्मात कंदमुळांतील सूक्ष्म जीवांचाही विचार होतो, त्या धर्माच्या साधूंविषयी असे विधान श्रद्धावंतांना असह्य वाटावे, यात नवल नाही.

जैन आचार्यांनी व पंडितांनी या मताचे साधार खंडन केले. संबंधित प्राकृत शब्द हे वनस्पतींची व फळांची नावे आहेत, मांस म्हणजे फळाचा गर आणि अस्थी म्हणजे बी, असा अर्थ आयुर्वेदीय निघंटूंच्या आधारे त्यांनी दाखवून दिला. भगवतीसूत्रातील रेवती श्राविकेच्या प्रसंगात कोहळा व बिजोरा यांचा निर्देश आहे, असा वनस्पतिपर अर्थ अकराव्या शतकातील टीकाकार अभयदेवसूरी यांनीही नोंदविला आहे. धर्मानंदांचे हे मत जैन समाजाने कधीही मान्य केले नाही.

तथापि या प्रसंगातून शिकण्यासारखेही काही आहे. धर्मानंदांनी जैन धर्माचा अवमान करण्याच्या हेतूने लेखणी उचलली नव्हती. बुद्धांच्या आहाराविषयीही त्यांनी तितक्याच परखडपणे लिहिले होते. उत्तराध्ययनसूत्रात पार्श्वनाथ परंपरेचे केशीकुमार श्रमण आणि भगवान महावीरांचे गणधर गौतमस्वामी यांचा श्रावस्ती येथील संवाद आला आहे. चार यम की पाच महाव्रते, सचेल की अचेल, असे नाजूक प्रश्न त्या दोघांनी परस्परांचा आदर राखून चर्चेने सोडविले. मतभेदाच्या वेळी वाणीनेही हिंसा होऊ न देणे, हा अनेकान्ताचा आचार होय. त्या आचाराची कसोटी मित्रांच्या बैठकीत लागत नाही; मन दुखावणाऱ्याशी बोलतानाच ती लागते.

चातुर्याम धर्म

मतभेदाची ही कटुता मागे टाकून धर्मानंद आयुष्याच्या उत्तरार्धात पुन्हा पार्श्वनाथांकडे वळले. मध्यंतरी १९३७ मध्ये मुंबईत परळच्या कामगार वस्तीत त्यांनी बहुजन विहार सुरू केला होता. दुसऱ्या महायुद्धाचा संहार जगाने पाहिला होता. धर्म, राष्ट्रवाद, विज्ञान यांपैकी कोणीही तो रोखू शकले नव्हते. अशा वेळी ‘पार्श्वनाथाचा चातुर्याम धर्म’ हे पुस्तक त्यांनी लिहिले. ते त्यांच्या निधनानंतर, १९४९ मध्ये प्रसिद्ध झाले.

अहिंसा, सत्य, अस्तेय आणि अपरिग्रह हे चार याम. भगवान महावीरांनी ब्रह्मचर्याचा स्वतंत्र निर्देश करून त्यांची पाच महाव्रते केली. धर्मानंदांच्या मते हे याम सुटे सुटे पाळावयाचे नियम नाहीत. ते एकमेकांना धरून आहेत. परिग्रह वाढला की त्याच्या रक्षणासाठी दंडशक्ती लागते. तो आणखी वाढविण्यासाठी दुसऱ्याचे हिरावून घ्यावे लागते. आणि ते लपविण्यासाठी असत्याचा आश्रय घ्यावा लागतो. म्हणजे हिंसेचे बीज परिग्रहात आहे. व्यक्तीच्या बाबतीत जे खरे, तेच राष्ट्रांच्या बाबतीतही खरे आहे. बाजारपेठा, खाणी आणि वसाहती यांच्या लोभातून महायुद्धे उद्भवली. म्हणून चार यामांना समाजरचनेत स्थान मिळाले पाहिजे, साधूंच्या आचारापुरते ते राहता कामा नयेत, असा त्यांचा आग्रह होता.

या विवेचनात जैन समाजासाठीही एक प्रश्न आहे. पाणी गाळून पिणारा, रात्रिभोजन वर्ज्य करणारा, मुंगीलाही जपणारा श्रावक आपल्या व्यवहारात, देण्याघेण्यात, मजुरीच्या हिशेबात तितकाच जपतो का? शास्त्रकारांनी हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे भेद केले आणि गृहस्थास संकल्पी हिंसेचा सर्वथा त्याग सांगितला. उर्वरित हिंसा गृहस्थास अटळ आहे. परंतु अटळ म्हणजे अमर्याद नव्हे. कापसाच्या, धान्याच्या आणि किराण्याच्या व्यापारावर ज्या प्रदेशात अनेक कुटुंबांचे जीवन उभे राहिले, तेथे हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. धर्मानंदांनी तो बाहेरून विचारला म्हणून त्याचे महत्त्व कमी होत नाही.

सेवाग्रामची अखेर

सत्तरी गाठेपर्यंत धर्मानंदांचे शरीर व्याधींनी जर्जर झाले होते. आपल्या हातून आता कोणतेही कार्य होणार नाही आणि इतरांवर मात्र भार पडेल, या विचाराने १९४६ मध्ये त्यांनी उत्तर प्रदेशातील दोहरीघाट येथे अन्नत्यागास आरंभ केला. महात्मा गांधींनी त्यांना परावृत्त केले. गांधीजींच्या शब्दाखातर त्यांनी उपवास थांबविला आणि पुढे ते सेवाग्राम आश्रमात येऊन राहिले. निसर्गोपचार करून पाहिले; परंतु मनाचा निश्चय कायम होता. अखेर १९४७ च्या उन्हाळ्यात त्यांनी पुन्हा अनशन आरंभिले आणि सुमारे एक महिन्यानंतर ४ जून रोजी शांतचित्ताने देहत्याग केला. पार्श्वनाथांनी सम्मेदशिखरावर एक मासाचे अनशन करून निर्वाण प्राप्त केले, असे परंपरा सांगते.

दुसऱ्या दिवशी दिल्लीतील प्रार्थनासभेत गांधीजींनी त्यांना आदरांजली वाहिली. प्रसिद्धीपासून दूर राहून मूकपणे सेवा करणाऱ्या या विद्वानाचा त्यांनी गौरव केला. पाली अध्ययनासाठी त्यांच्या नावे शिष्यवृत्त्या देण्याचीही गांधीजींनी सूचना केली. त्यातून काही विद्यार्थी श्रीलंकेस पाठविण्यात आले. फाळणीच्या वणव्यात देश होरपळत असतानाच हा अहिंसेचा अभ्यासक निघून गेला.

सल्लेखना ही आत्महत्या नव्हे, हे जैन समाज शतकानुशतके सांगत आला आहे. आत्महत्येत आवेग असतो, द्वेष वा नैराश्य असते. सल्लेखनेत कषाय क्षीण करीत, सर्व जीवांशी क्षमाभाव ठेवून देहाचा मोह सोडावयाचा असतो. ऑगस्ट २०१५ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने संथाऱ्याविरुद्ध निर्णय दिला. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यास स्थगिती दिली. त्या वेळी देशभरचा जैन समाज मूक मोर्चांनी रस्त्यावर आला होता. जन्माने जैन नसलेल्या धर्मानंदांनी हाच मार्ग विचारपूर्वक निवडला होता, याची आठवण अशा प्रसंगी ठेवावयास हवी. त्यांनी विधिपूर्वक व्रत घेतले नव्हते, हे खरे; परंतु त्यामागची शांती आणि निर्ममता श्रावकास परकी वाटणारी नाही.

उपसंहार

आचार्य धर्मानंद कोसंबी यांनी संपत्ती मागे ठेवली नाही, पंथ स्थापन केला नाही. सुपुत्र दामोदर कोसंबी हे पुढे गणितज्ञ व इतिहासकार म्हणून जगप्रसिद्ध झाले. वडिलांचा वारसा म्हणून उरले ते ग्रंथ, शिष्य आणि एक अवघड प्रश्न : अहिंसा मानणाऱ्या धर्मांच्या जगात एवढी हिंसा का? त्यांचे उत्तर असे, की धर्मांनी अहिंसेला देव्हाऱ्यात बसविले आणि अपरिग्रहाला मात्र घराबाहेर ठेवले. चारही याम एकत्र नांदतील तेव्हाच अहिंसा जिवंत राहील.

सुवर्णमहोत्सवी वर्षात कोणतीही संस्था आपल्या पन्नास वर्षांचा जमाखर्च मांडते. वास्तू उभ्या राहिल्या, निधी जमला, उत्सव झाले, याचा आनंद अवश्य मानावा. त्याबरोबरच आपल्या संचयातून किती गरजूंचे अश्रू पुसले गेले, आपल्या शब्दाने किती कलह मिटले, याचाही हिशेब मांडला जावा. सेवाग्रामच्या त्या कुटीत शांतपणे विझलेल्या ज्योतीचे तेच खरे स्मरण ठरेल. भगवान पार्श्वनाथांच्या चातुर्यामाची वाट अभ्यासाने शोधणाऱ्या आणि आचरणाने चालणाऱ्या या ज्ञानतपस्व्यास विनम्र अभिवादन!